पाट्या कोण टाकतो?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत जा, माळेगाव किंवा भवानीनगरच्या बाजूला उसाच्या बांधावर उभे राहा, इंदापूर तालुक्यात बोरीच्या द्राक्षबागेत घटकाभर बसा. तिन्ही ठिकाणी माणसे निराळी, व्यवसाय निराळा. पण गाऱ्हाणे एकच ऐकू येते. "माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर काम करीत नाहीत. रोज वेळेवर देतो, चहा देतो, दिवाळीला मिठाई देतो. तरी नुसत्या पाट्या टाकतात!" बागाईतदार हे सांगतो, ठेकेदार सांगतो, कारखान्यातला पर्यवेक्षक सांगतो. खेदाची गोष्ट अशी की आपल्या संस्थांचे चालकही हेच सांगतात, आणि सांगताना त्यांच्या स्वरात इतरांहून फारसा फरक नसतो.

वाचकहो, ह्या गाऱ्हाण्याला खोटे म्हणण्याचा माझा इरादा नाही. तासावर वा रोजावर आलेली माणसे पुष्कळदा रेंगाळतात. तंबाखू मळण्यात वेळ घालवतात, मुकादमाची पाठ वळली की हात थांबवतात. मी स्वतः वीस-बावीस वर्षे एका कारखान्यात देखरेखीचे काम केले आहे. रेंगाळणारा हात मला दुरून ओळखता येतो. माझे भांडण आहे ते ह्या गाऱ्हाण्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. "ही जातच कामचुकार," हा तो निष्कर्ष. आणि त्याहून अधिक भांडण आहे ते त्यावर सुचवल्या जाणाऱ्या उपायांशी.

आधी आपल्या भाषेलाच साक्षीला बोलावू. मन न घालता, केवळ उरकायचे म्हणून केलेल्या कामाला मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत. एक 'पाट्या टाकणे'. दुसरा, आता जुना झालेला, 'वेठ वारणे'. पाटी ही मातीकामावरची. खड्ड्यातून भरायची, डोक्यावरून न्यायची, दुसरीकडे ओतायची, आणि परत यायचे. किती पाट्या झाल्या हे मोजणारा मोजतो; माती कशासाठी टाकायची हे ज्याच्या डोक्यावर ती आहे त्याला कुणी सांगत नाही. वेठ म्हणजे सक्तीची बिनमोल मजुरी. गावगाड्यात ती कोणाच्या वाट्याला येत असे हे सांगण्याची आवश्यकता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता की ह्या चाकरीला ना तासांची मर्यादा, ना रास्त मोबदला. आणि घरचा कर्ता गैरहजर असला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी राबावे लागे. म्हणजे ढिलाईने काम करण्याला आपल्या पूर्वजांनी जी नावे दिली, ती दोन्ही नावे माणसाच्या स्वभावावरून दिलेली नाहीत. कामाच्या पद्धतीवरून दिलेली आहेत. भाषेने न्यायनिवाडा केव्हाच केलेला आहे. आपण तो वाचत नाही इतकेच.

ह्याच्या उलट पुरावाही ह्याच मातीत आहे. ज्यांना आपण रोजावर बोलावतो, त्याच बाया आणि तेच बापये सावडीला कसे काम करीत ते ज्यांनी पाहिले असेल त्यांनी आठवावे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. पैशाची देवघेव नाही. इर्जिकीला तर एकेका शिवारात अनेक औते उतरत आणि दिवस मावळताना शेतमालक सगळ्यांना जेवू घाली. तेथे कुणी मुकादम नव्हता, हजेरीपट नव्हता, तरी उजाडताच कामाला आरंभ होई. कोणी म्हणेल, "ते स्वतःचे शेत होते." नव्हते! त्या दिवशी ते शेजाऱ्याचे होते. फरक एवढाच की ज्याच्या शेतात काम चालले आहे तो स्वतः त्याच तासात वाकलेला असे, काम कशाचे व किती हे सर्वांना ठाऊक असे, आणि आज जो यजमान तो उद्या आपल्याकडे मजूर म्हणून येणार आहे ही जाणीव दोन्ही बाजूंना असे. तेच हात, तेच ऊन, तीच जमीन. मग एका ठिकाणी चपळाई आणि दुसऱ्या ठिकाणी रेंगाळणे हे हातांच्या जातीचे लक्षण कसे मानावे?

बारामती-इंदापूरचे बागाईत ज्या पाण्यावर उभे आहे, त्या नीरा डाव्या कालव्याचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात भुकेल्या माणसांना काम म्हणून ह्या कालव्याची माती उपसली गेली. १८८०च्या दशकात पाणी वाहू लागले. आज ज्या बांधावरून आपण मजुरांना आळशी म्हणतो, तो बांध हिरवा आहे तो मजुरांनी डोक्यावरून वाहिलेल्या पाट्यांमुळे. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल ह्यांनी असे मत मांडले की दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडी चिल्लर एवढी मजुरी माणसाला पुरेशी आहे. मजुरी कापली गेली, आणि १८७७ साली मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसांनी काम सोडावे, हे सरकारला उमगले नाही. मला वाटते त्या माणसांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती: आपल्याला जगवण्याचा हिशेब चालला आहे, आपल्या कामाचा नव्हे.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. सुकडी खाऊन लक्षावधी लोकांनी खडी फोडली. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना ह्याच काळात महाराष्ट्रभर पसरली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्याने देणारी ही योजना महाराष्ट्राला भूषणावह आहे ह्यात शंका नाही. पण त्या काळच्या कामांत दोन प्रकार होते, हे विसरता कामा नये. काही ठिकाणी खडीचे ढीग रचले गेले आणि ते ढीग वर्षानुवर्षे रस्त्याकडेला तसेच पडून राहिले. सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यासारख्या भागांत मात्र पाझर तलाव खणले गेले. बारामती तालुक्यातील अशा काही कामांवर ख्रिस्ती मदतसंस्थांकडून आलेला गहू आणि तेल मजुरीपोटी वाटण्यात आले होते. माझे वडील दोन्ही प्रकारच्या कामांवर होते. खडीबद्दल ते कधी बोलत नसत. तलावाबद्दल मात्र म्हातारपणीही विषय काढत. आपण कोणत्या बाजूच्या भरावावर होतो आणि पहिल्या पावसात पाणी कुठवर चढले हे हाताने दाखवीत. मजुरी दोन्हीकडे सारखीच तुटपुंजी होती. फरक होता तो, पाटीतली माती कुठे जाते हे ठाऊक असण्या-नसण्याचा.

ह्यावर व्यवहारी मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते: "हे सगळे ठीक; पण माणूस पैशासाठी काम करतो. कामाच्या मापावर पैसे द्या, बघा हात कसे चालतात!" हात चालतात, हे खरे आहे. ते कसे चालतात हे पाहायचे असेल तर हंगामात माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, कोणत्याही कारखान्याच्या तोडीवर जावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड कामगार टनावर काम करतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसे दोन, नाव एक, आणि तेही हत्याराचे. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर वर दंड. म्हणून ती माणसे पहाटे अंधारात फडात उतरतात आणि रात्री ट्रक भरतात. येथे कामचुकारपणा औषधालाही सापडणार नाही. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, म्हणून अवयवच नको, ह्या टोकाला गोष्ट गेली होती. काम निघाले, माणूस झिजला. केवळ टनाच्या आमिषाने आणि खाड्याच्या धाकाने काढलेल्या कामाला जे लोक 'प्रेरणा' म्हणतात, त्यांनी हा शब्द जपून वापरावा.

दुसरी मंडळी अधिक शिकलेली असतात. त्यांना ठाऊक असते की केवळ पैशाने भागत नाही. अमेरिकेत १९२४ ते १९३२ ह्या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात जे प्रयोग झाले, त्यांची हकीकत त्यांनी वाचलेली असते. टेलिफोनचे सुटे भाग जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवले, विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या, त्यांच्याशी बोलणे ठेवले, आणि उत्पादन वाढत गेले. ह्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, तो भाग निराळा. पण त्यातून आपल्याकडे काय उचलले गेले? महिन्याच्या उत्कृष्ट कामगाराचे छायाचित्र, सूचनाफलकावरील सुविचार, संक्रांतीचा तिळगूळ, 'आपण सारे एक कुटुंब' हे वाक्य! कुटुंब म्हणायचे, आणि ज्याला घरचा म्हटले त्याला ठेकेदाराच्या वहीत ठेवायचे. अकरा महिन्यांनी त्याचे नाव खोडायचे आणि नव्याने लिहायचे. साहेबांच्या पाण्याचे पिंप निराळे, ह्याचे निराळे. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पण भिंतीवर सुविचार मात्र रंगवलेला. असल्या कुटुंबात कोणता शहाणा मनुष्य मन घालून काम करील?

मला येथे स्पष्ट शब्दांत सांगायचे आहे की 'वेतनापलीकडचे' ही गोष्ट वेतनानंतर सुरू होते, वेतनाऐवजी नव्हे. १९४८ साली ह्या देशात किमान वेतनाचा कायदा झाला. त्या किमानाला ज्याने हात आखडला, त्याने प्रेरणेविषयी व्याख्यान देऊ नये. परंतु वेतन पुरते देऊनही पाट्या पडत असतील, तर उणीव कशाची आहे? ती मला कशी कळली, तेच सांगतो. आणि ते सांगताना मला स्वतःच्या अपराधाचा उच्चार करणे भाग आहे.

ज्या कारखान्यात मी होतो तेथे माल खोक्यांत भरून चिकटपट्टीने बंद करण्याचे काम ठेकेदाराच्या बाया करीत. एका पावसाळ्यात मी तासागणिक खोकी मोजू लागलो. बाकीच्यांची साठ होत, एकीची चाळीस. तीन आठवडे मी नोंदवहीत तिच्या क्रमांकापुढे 'कामात मंद' असा शेरा मारला. चौथ्या आठवड्यात ठेकेदाराने तिला येऊ नको म्हणून सांगितले. पुढल्या महिन्यात मालाची एक गाडी परत आली. दमट हवेने पट्ट्या सुटून खोकी उघडली होती. प्रत्येक खोक्यावर भरणारीचा क्रमांक असे. मी एकूणएक तपासली. तिच्या क्रमांकाचे एकही खोके उघडलेले नव्हते.

मी तिचे गाव शोधीत गेलो. ती उसात खुरपत होती. "बाई, त्या खोक्यांचं तुम्ही काय करीत होता?" मी विचारले. ती म्हणाली, "पुठ्ठा वल्ला असायचा. पदरानं पुसायचे, पट्टी दोनदा दाबायचे. न्हाईतर धरत नव्हती." मी म्हणालो, "मग मला सांगितलं का नाही?" तिने खुरपे न थांबवता उत्तर दिले, "तुमी इचारलं व्हतं का, सायेब? तुमी निस्ती खोकी मोजत व्हता."

त्या तीस जणींत मनापासून काम करणारी एकच होती, आणि तिलाच मी काढायला लावले होते. उरलेल्या ज्या साठ-साठ खोकी भरीत होत्या, त्या खऱ्या पाट्या टाकीत होत्या. पण त्याही माझ्याच मोजण्याने तसे शिकल्या होत्या. मी तिला परत बोलावले. ती आली नाही. उसात रोज कमी होता, तरी आली नाही.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की कामगाराला वेतनापलीकडे जे हवे असते ते फुकट मिळणारे नसते. मिठाई स्वस्त असते, छायाचित्र स्वस्त असते. म्हणूनच ती दिली जातात. काम कशासाठी आहे हे सांगणे, काम कसे करावे ह्याविषयी करणाऱ्याला विचारणे, आणि त्याने सांगितलेले खरे निघाले तर आपली पद्धत बदलणे, ह्यासाठी पैसा नव्हे, अधिकार सोडावा लागतो. मालकाला, मुकादमाला, मुख्याध्यापकाला, व्यवस्थापकाला नेमके तेच जड जाते. रोज वाढवू, पण विचारणार नाही! कामचुकार कामगाराविषयीची आपली तक्रार पुष्कळदा ह्या हट्टाचेच दुसरे नाव असते.

हे केवळ सद्भावनेचे बोलणे नाही. इंदापूर तालुक्यातच कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद ह्यांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तेथील यंत्रशाळांत साखर व सिमेंट कारखान्यांची अवजड यंत्रे घडली, आणि इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी लागणारी आवरणेही घडली. ती घडवणाऱ्यांत आसपासच्या गावांतली, शेतकऱ्या-शेतमजुरांच्या घरची मुले होती. ज्या वेल्डरला आपला सांधा कोठे जाणार आहे हे माहीत असते, आणि त्या सांध्याविषयी ज्याचा शब्द मानला जातो, त्याच्या मागे मुकादम उभा करावा लागत नाही. आणि कोणी असे समजू नये की हे फक्त अवकाशयानाच्या बाबतीत खरे आहे. द्राक्षाचा घड विरळताना कोणते मणी का काढायचे हे जिला समजावले आहे, तिची कात्री आणि जिला नुसते "चला, हात उचला" म्हटले आहे तिची कात्री, ह्यांतला फरक कोणताही बागाईतदार विक्रीच्या वेळी सांगू शकेल.

कोणी विचारील, "सगळेच का असे असतात? खरोखरीचा आळशी नसतोच काय?" असतो. दहांत एखादा असतो. आणि तेवढ्याच प्रमाणात तो कार्यालयातील खुर्चीवरही असतो. फक्त खुर्चीवरच्याची खोकी कोणी मोजत नाही. आळशाला जाब विचारावा, सुधारला नाही तर कामावरून काढावेही. पण जाब विचारण्याआधी विचारपूस झाली पाहिजे. नऊ जणांना एकाच्या मापाने मोजणे हा अन्याय आहे, आणि तो तोट्याचाही आहे.

आता आपल्या घरी येऊ. मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दृष्टांत आपल्याला पाठ आहे. तासातासाने मजूर बोलावणारा तो धनी दिवस कलताना चौकात जातो, आणि उभ्या राहिलेल्यांना, दिवसभर रिकामे का राहिलात, असे विचारतो. त्यांचे उत्तर साधे आहे: आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. आपण ह्या दृष्टांतावर प्रवचने ऐकतो ती शेवटच्या दिनारावर. पण धन्याने जे केले त्यात पैसे देण्याच्या आधी विचारणे आहे, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांना आळशी न म्हणता मळ्यात पाठवणे आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी मानवी श्रमावर लिहिताना असा विचार मांडला की श्रमाचे मोल प्रथम तो करणाऱ्या माणसामुळे आहे. माणूस कामासाठी नाही, काम माणसासाठी आहे. ही शिकवण आपण परिसंवादांत मांडतो. मग आपल्या शाळा, रुग्णालये, वसतिगृहे ह्यांतून रोजावर झाडू मारणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, बाग शिंपणाऱ्या माणसांपैकी किती जणांची नावे आपल्या विश्वस्तांना सांगता येतील? त्यांच्या कामाविषयी त्यांचे मत गेल्या वर्षभरात कोणी, एकदा तरी, विचारले आहे काय? वार्षिक स्नेहसंमेलनात त्यांना शाल दिली जाते हे मला माहीत आहे. शालीविषयी माझा प्रश्न नाही.

माझ्या सूचना मोठ्या नाहीत. कामाला लावताना, काम कशाचे व कुणासाठी, हे प्रत्येकाला सांगावे. एका माणसाला दिवसभर एकच तुकडा न देता, जेथे शक्य आहे तेथे चार-सहा जणांच्या गटाला पुरते काम सोपवावे. ते कसे उरकायचे हे त्यांना ठरवू द्यावे. मोजमाप कसे होते हे उघड असावे, आणि चुकीचे वाटले तर बोलण्याची मुभा असावी. पाणी, सावली, बसायची जागा आणि स्वच्छतागृह सर्वांना एक असावे. उद्या काम आहे की नाही हे आज संध्याकाळी कळावे. ज्याला उद्याची शाश्वती नाही तो आजच्या कामाला जीव लावील ही अपेक्षाच अवाजवी आहे. आणि आठवड्यातून एकदा, हातात नोंदवही न घेता, "ह्यात काय चुकतंय?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिल्या आठवड्यात उत्तर येणार नाही, दुसऱ्यातही येणार नाही. इतक्या वर्षांत कोणी विचारलेले नसते. माणसांना विश्वास बसायला वेळ लागतो.

नीरेच्या कालव्याला आजही पाणी येते. त्याच्या खोदाईत कोणाकोणाच्या पाट्या गेल्या ह्याची नोंद कोठे नाही. किती घनफूट माती निघाली, एवढाच हिशेब राहतो. उद्या सकाळी आपण हजेरीपट उघडाल तेव्हा त्यातले एक नाव, ज्याच्यापुढे आपण वारंवार 'मंद' असे लिहीत आला आहात ते, निवडावे. त्या माणसाजवळ जाऊन उभे राहावे आणि तो काय करतो आहे ते त्यालाच विचारावे. पाट्या कोण टाकतो आहे ह्याचे उत्तर कदाचित आपल्याला आवडणार नाही. पण ते ऐकल्याशिवाय शेरा मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला नव्हता, आणि मी तो मारला होता.